गावाने पाठवलेला माणूस

उंबरआळी, ता. ३ मार्च १९६६

अहो,

तुमचं पत्र परवा मिळालं. लढाई सुरू झाल्यापासूनचं हे पहिलंच. पाकीट वाटेत कोणीतरी फोडून पुन्हा चिकटवलं होतं, त्यामुळे आपल्या पोस्टमनला काही कष्टच पडले नाहीत. त्याने आधी स्वतः वाचलं, मग गावाला सांगितलं आणि मग मला आणून दिलं. म्हणून आज सकाळीच काशिनाथनाना आपल्या ओटीवर येऊन बसले. सरपंच झाल्यापासून ते कोणाच्या ओटीवर बसत नाहीत. आपल्या घरावरून तर गेल्या सप्टेंबरपासून मान वळवून जातात. आज बसले, पाणी मागून प्यायले आणि म्हणाले, "सुगंधा, दामूला पत्र लिव. मी सांगतो तसं लिव."

तर ते सांगतात तसं लिहिते.

चि. दामोदर यास काशिनाथचे आशीर्वाद. गावात सर्व खुशाल. दोन्ही सरकारांचा समेट झाल्याचे कळते. तरी कराचीचा बाजार आपले विड्याचे पान पुन्हा कधीपासून घेणार, याचा तपास करून उलट टपाली कळवणे. वेली खोळंबल्या आहेत. गाव तुझी आठवण काढते.

शेवटचं वाक्य नानांनी मला दोनदा सांगितलं. मी एकदाच लिहिलंय.

नाना गेले. आता माझं.

तुम्ही लिहिता, डाव्या डोळ्याने काही दिसत नाही आणि उजव्याचा भरवसा नाही. पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलंय, ते अक्षरावरून कळलंच होतं. घरी यायचंय म्हणता. व्हिसा घेऊन महिनाभरासाठी नाही, कायमचं. तिथल्या आपल्या सरकारच्या कचेरीतल्या कोणी सांगितलं म्हणे की तुमच्या गावाने लिहून दिलं, हा आमचा माणूस, आम्हीच याला आमच्या कामासाठी पाठवला होता, तर अर्जाचं काही होऊ शकेल. सरपंचाची सही आणि गावातल्या चार जुन्या माणसांच्या सह्या. एवढा एक कागद तुम्ही मागितलात.

आज नानांजवळ तो विषय काढला नाही. तेच मागायला आले होते, त्यात मी कुठे हात पसरू? पण मागणार आहे.

गेली सात वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, हे मला माहीत आहे. शेवटचे आलात तेव्हा खिशात तिकडचा पासपोर्ट. बायकोला न विचारता, न सांगता. आपल्याच घरात राहायला पालघरला पोलिसांत जाऊन नाव नोंदवून आलात, तेव्हा मला कळलं. तो राग अजून आहे. घरी आलात की समोर बसवून भांडणार आहे. निदान त्यासाठी तरी या.

हरेश्वरला विचारलं, बाबांना काही लिहायचंय का. म्हणाला, "नको."

सुगंधा


उंबरआळी, ता. २१ मार्च १९६६

अहो,

नानांकडे जाऊन आले. कागदाचं बोलले. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आदी बाजार उगडू दे. मग बगू."

मी म्हटलं, "नाना, सही करायला बाजार कशाला लागतो?"

तर म्हणतात, "आमी पाठवला असं कसं लिवून देऊ? कोणी पाठवला त्याला? आपल्या पोटासाटी गेला तो."

मी उठून घरी आले. आता तुम्हालाच सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं, आणि तुम्हाला आठवत असलं तरी एकदा माझ्या तोंडून ऐका.

मी लग्न होऊन आले तेव्हा आळीतल्या निम्म्या घरांवर झावळ्या होत्या. मग ती मोठी लढाई आली. कराचीच्या बंदरात गोरे, काळे, सगळे शिपाई भरले, बाजाराला बरकत आली आणि आपल्या पानाला तिथे कधी नव्हे तो भाव आला. गावात पेपर वाचणारा एकच मास्तर होता. तो लढाई कुठवर आली ते सांगायचा आणि बायाबापड्या विचारायच्या, अजून चालेल ना? बॉम्ब कोणावर पडत होते याची आम्हाला शुद्ध नव्हती. आपल्या गावावरची कौलं त्या लढाईची आहेत. शाळेची भिंत तिचीच, देवळापुढचा चौथरा तिचाच. एकेका कौलाखाली कोणाचं तरी घर उजाड झालं असेल, हे मला आता सुचतं. तेव्हा मीही विचारायची, अजून चालेल ना.

आणि फाळणीच्या वर्षी तुम्ही ट्रंक घेऊन परत आलात. तिथलं सगळं बघून आला होतात, झोपेत ओरडायचात. हरेश्वर तीन वर्षांचा होता. तुम्ही म्हणालात, आता जायचं नाही. तेव्हा मारुतीच्या देवळात सभा कोणी बोलावली? देवापुढे विडा कोणी ठेवला? "दामू, तू तिथं नाय तर आमचं पान कोण इकल? आमच्या चुली तुज्या हातात हायत," असं हात जोडून कोण म्हणालं? नानाच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान खाली घातली, कारण सगळा गाव माझ्याकडे बघत होता. तुम्ही विडा उचललात. त्या रात्री नानांनी आपल्या घरी नारळ, साखर, सगळं पाठवलं होतं. आता विचारतात, कोणी पाठवला!

सप्टेंबरातलं गेल्या पत्रात लिहायचं टाळलं. लिहून टाकते. लढाई लागली तशी बोटी थांबल्या. मुंबईच्या धक्क्यावर आपल्या करंड्या तशाच पडून कुजल्या. गावात संध्याकाळनंतर दिवा नाही, खिडक्यांना काळे कागद. आणि एक दिवस जमादार आला. त्याच्याबरोबर गाडीत आपल्याच करंड्या.

तुम्हाला गाठी सांगायला नकोत. प्रत्येक घराची करंडी बांधायची गाठ वेगळी. इथल्या बायांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सासूने सुनेला शिकवलेली गाठ हीच घराची खूण. केळीच्या सोपटाची दोरी, तिला कोणाचे दोन वेढे, कोणाची मुरड आत, कोणाची बाहेर. तुम्ही तिथे करंडीवर नुसता हात फिरवून सांगायचात, ही चुऱ्यांची, ही राऊतांची. मी पत्रं लिहिणं सोडलं तरी माझी गाठ तुमच्याकडे येतच होती, यावर माझा राग जरा सैल पडायचा.

तर कोणीतरी पोलिसांना कळवलं होतं की या गाठी म्हणजे पाकिस्तानला इशारे आहेत. धक्क्यावरच्या माणसाने की गावातल्याच कोणी, देव जाणे. जमादाराने देवळापुढे करंड्या मांडल्या आणि एकेकाला बोलावून विचारलं, ही गाठ कोणाची?

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "ती सुगंधाची. तिचा घरवाला थय कराचीला हाय." पहिली माझी. दुसरी माझी. नानांच्या आईने नानांच्या बायकोला माझ्यासमोर शिकवलेली गाठ, तीही माझी. नाना तोंड वर करून म्हणाले, "आमाला गाठीबिठी काय म्हाईत नाय, साएब."

एकटी मंगळी पुढे आली. मासवणकडची, आपल्याकडे खुडायला येते ती. म्हणाली, "ही माजी हाय. मी बांदली. धरायची तर धर."

जमादार मूर्ख नव्हता. त्याने दोघींकडे बघितलं आणि करंड्या गाडीत टाकायला सांगितल्या. पण त्यानंतर लढाई थांबेपर्यंत मला आठवड्याला चौकीवर हजेरी द्यायला चालत जावं लागलं. वाटेत भेटेल तो मला बघून बांधावरून उतरून शेतात जायचा. शेण लागलेल्या माणसाला चुकवतात तसं.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. म्हटलं, परदेशात ऐकून काय करतील? पण तुम्ही लिहिलंत, "आपला गाव नाही म्हणणार नाही." म्हणून सांगितलं.

सुगंधा


उंबरआळी, ता. २८ मे १९६६

अहो,

तुमचं उत्तर आलं. पान बंद ते बंदच, आता तिकडे पान दुसरीकडून येतं, कोणी आपलं नाव काढत नाही. नानांनी पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं, घडी घालून परत दिलं आणि पायरी उतरताना म्हणाले, "मग काय उपेग त्याचा?"

मी दाराची कडी लावून घेतली आणि रडले. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते सांगता येत नाही.

गावाने वेली काढायला घेतल्यात. मुंबईच्या बाजारात पानांचा आधीच ढीग, कोणी विचारत नाही. जिथे चपला घालून पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती, आम्हा बायकांनासुद्धा विटाळाचे चार दिवस फाटकाबाहेर उभं करायचे, त्या बागांत गडी बूट घालून कोयत्याने वेली तोडतायत. तोडलेली वेल दोन दिवस हिरवीच राहते. कळत नाही तिला. तिसऱ्या दिवशी वास सुटतो. सगळ्या आळीला तो वास भरून राहिलाय. लोक तिथे केळी लावतायत आणि पोरांना तारापूरला पाठवतायत. तिकडे विजेचं ते मोठं काम निघालंय, माहीत असेल. बोईसरपासून ट्रक धावतात, हिंदी बोलणारी माणसं आली आहेत, चहाला दुप्पट पैसे पडतात. कालपर्यंत पानाच्या देठाला जपणारी पोरं आता सिमेंटच्या गोष्टी करतात.

मी आपल्या वेली काढल्या नाहीत. मंगळी आणि मी खुडत होतो आणि बांधाबाहेर टाकत होतो. न खुडली तर वेल बिघडते, म्हणून. गेल्या आठवड्यात मंगळी म्हणाली, "बाय, फेकायची पानं खुडून माजं पोट नाय भरत. मी चालली तारापूरला माती व्हायला." तिचं खरंच आहे. जाताना पाया पडायला वाकली. मी पडू दिलं नाही. तिच्या पाया मी पडायला हवं होतं, पण तेवढी मी मोठी झाले नाही.

हरेश्वर तिथेच लागलाय. सध्या रोजावर, टाइमकीपरच्या हाताखाली. कायम होईल म्हणतात. मॅट्रिक झालेला आहे, अक्षर चांगलं आहे. तुमच्यासारखं.

कागदासाठी मी नानांकडे दुसऱ्यांदा गेले. या वेळी बसायलाही सांगितलं नाही. "सुगंधा, गावातली पोरं तारापूरला लागतायत. पोलीस घरोगर चवकशी करतात. त्या नावाचा कागद आता गावातनं जायचा नाय. तू पन कोनाला इचारू नको." मी तरी चौघा म्हाताऱ्यांच्या घरी गेले. एकाची सून म्हणाली, झोपलेत. सकाळचे अकरा वाजले होते. एकजण दारातच म्हणाले, "दामू चांगला मानूस होता गो." होता! मी म्हटलं, "आहे, काका." ते म्हणाले, "हां, हां, हाय." आणि आत गेले.

मी सोडणार नाही. तुम्ही अर्ज तसाच देऊन ठेवा. डोळ्यांना कोणाला तरी दाखवा, पैशाकडे बघू नका.

सुगंधा


उंबरआळी, ता. ११ ऑक्टोबर १९६६

अहो,

हे पत्र कसं लिहायचं याचा गेले आठ दिवस विचार करतेय. पितृपक्ष चालू आहे. शुक्रवारी आपल्या घरी श्राद्ध झालं. तुमचं.

सरळ सांगते. कायम नोकरीच्या अर्जात हरेश्वरने वडील वारले असं लिहिलंय. वडील शत्रूच्या मुलखात आहेत असं लिहिलं तर कोण ठेवेल, हे त्याचं म्हणणं. त्याला कोणी तसं सांगितलंय का? नाही. विचारायचीच त्याला भीती वाटली. त्याला दाखला लागत होता. तो नानांकडे गेला. नानांनी त्याच दिवशी दिला. दामोदर हा आमच्या गावचा, गेल्या साली मयत झाला, हे आम्ही जाणतो. सरपंचाची सही आणि खाली चार जुन्या माणसांच्या. ज्या चौघांच्या दारात मी उभी राहिले होते, तेच चौघे. ते "झोपलेत" तेही उठले होते.

तुम्ही आमचे आहात हे लिहून द्यायला गावाचा हात चालत नव्हता. तुम्ही मेलात हे लिहून देताना चालला.

मी हरेश्वरच्या थोबाडीत दिली. बावीस वर्षांचा मुलगा, तसाच उभा राहिला. म्हणाला, "आई, मी त्यांना किती वेळा बघितलंय सांग. मोजून सांग."  मग म्हणाला, "ते माझ्यासाठी कधी होते? गावासाठी होते. मग गावानेच मारलं, मी नाही."  तो वाईट नाही हो. तुम्ही त्याला वाईट म्हणू नका. त्याने गेल्या वर्षी सप्टेंबरात शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं पुसलंय, कोणाच्या बापाचं काय ते. रात्रीत पुन्हा लिहायचे, सकाळी हा पुन्हा पुसायचा.

श्राद्ध नानांनी ठरवलं. चौकशीला कोणी आलं तर आळीत चार माणसांनी जेवलो म्हणायला हवं. स्वयंपाक मीच केला. खीर, वडे, अळूची भाजी, भोपळा. हात चालत नव्हता, पण अळूत चिंच जरा जास्तच घातली, तुम्हाला लागते तशी. सात वर्षांत तुम्ही या घरात जेवला नाहीत आणि तुमच्या नावाने तीस पानं उठली. कावळाही लगेच शिवला. लोक म्हणाले, दामूची इच्छा काही राहिली नव्हती. कावळ्याला काय, भूक लागली होती. जेवून सगळ्यांना विडा हवा होता, आणि गावात पान कुठे उरलंय? आपल्याच बागेतलं खुडून आणलं त्यांनी. मला विचारलंही नाही.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. कुंकू लावूनच रांधलं.

आता हरेश्वर एवढंच मागतो. नोव्हेंबरात पोलीस खात्याचा माणूस घरी येऊन जाईल. तेवढा वेळ कुंकू पुसायचं. "आई, एक सकाळ. ते गेले की परत लाव." मी नाही म्हटलं. त्याने जेवण सोडलंय. कामाला उपाशी जातो.

तुमच्या अर्जाचं काय झालं ते या पत्राच्या उत्तरी कळवा. काही हालचाल असेल, अगदी थोडी असली तरी, तर मी त्याला उपाशी राहू देईन. मला काहीतरी धरायला द्या.

सुगंधा


उंबरआळी, ता. २ डिसेंबर १९६६

अहो,

हे शेवटचं. याला उत्तर पाठवू नका, आता या घरी तुमच्या नावाचं पत्र येऊन चालायचं नाही. हे मी स्वतः केळवे रोडला जाऊन टाकणार आहे.

तुमचं उत्तर आलं होतं. गावाचा कागद नसेल तर अर्ज घेत नाहीत, असं लिहिलंत. आणि खाली, "हरेश्वरचं आधी बघ." ती ओळ दुसऱ्याच्या हातची नव्हती. अक्षरं एकावर एक चढली होती. न बघता लिहिलेली. मी ती इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. तुम्ही एवढं चांगलं वागायला नको होतं. तुम्ही भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

परवा तो माणूस आला. तरुण होता, घाटावरचा, सभ्य. नाना आणि ते चौघे आधीच येऊन ओटीवर बसले होते, धुतलेले सदरे घालून. हरेश्वर दाराशी. मी आत बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत, काढून तांदळाच्या डब्यात ठेवल्या. कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांचं होतं, खाली पांढरा डाग राहिला. तो बघून मला वाटलं, हे बरं झालं, हे खरं दिसेल. असं वाटलं म्हणून माझीच मला किळस आली.

बाहेर आले. त्याने खुर्चीवरून उठून नमस्कार केला. माझं नाव विचारलं. मग विचारलं, "पतीचं नाव?"

आयुष्यात मी तुमचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. परवा सरळ घेतलं. दामोदर. सुटं, नुसतं. तोंडात कसं तरीच लागलं.

"कधी वारले?"

"गेल्या वर्षी. सप्टेंबरात. लढाई चालू होती तेव्हा."

"कुठे?"

हरेश्वरने मला पढवलं होतं, मुंबईला सांग, इस्पितळात. नानांनीही आदल्या दिवशी निरोप पाठवून तेच सांगितलं होतं. मी नानांकडे बघितलं. ते माझ्या कपाळाकडे बघत होते, मी बघितल्यावर जमिनीकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "इथेच. गावात."

त्याचं लिहिणं थांबलं. म्हणाला, "घरी?"

"नाही. देवळापुढे. सगळ्यांसमोर."

हरेश्वरने दाराची चौकट धरली. तो माणूस त्या पाच जणांकडे वळला आणि साधंच विचारलं, तेव्हा तुम्ही सगळे तिथे होता का?

"होते," मी म्हटलं. "हे सगळे होते."

आधी कोणी हललं नाही. मग नानांनी मान हलवली. मग एकेकाने हलवली.